वजन किती, त्याहून ते कुठे

घरी हलकं विमान बांधणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकूण वजन मर्यादेत आहे, मग काळजी कसली?" हा समज जिवावर बेतू शकतो. किलोचा हिशेब चोख असलेलं विमानही उडवण्याजोगं नसू शकतं, कारण तेच वजन थोडं मागे सरकलं की विमानाचा स्वभाव पालटतो.

वजन करताना हँगरचं दार आधी बंद करतात. पंखांवरून साधी झुळूक गेली तरी थोडी उचल मिळते आणि काट्यांवरचे आकडे हलू लागतात. मागे चाक असलेल्या विमानाचं शेपूट घोडीवर चढवतात, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत. मग चाकांच्या आसांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा करायच्या आणि नाकाच्या टोकापासून अंतरं मोजायची. समजा, पुढच्या दोन चाकांखाली मिळून ३३८ किलो भरले, १.५ मीटरवर, शेपटाखाली २२ किलो, ५.७ मीटरवर. वजन गुणिले अंतर केलं की ५०७ आणि १२५.४ येतात. त्यांची बेरीज ६३२.४, तिला एकूण ३६० किलोंनी भागलं की गुरुत्वमध्य नाकापासून सुमारे १.७६ मीटरवर. शाळेत शिकलेली तरफच ही. वैमानिक, सामान, इंधन यांची भर याच रीतीने घालायची.

पण गुरुत्वमध्य मागे जाणं इतकं घातक का? यातली खरी गंमत न्यूट्रल पॉइंटमध्ये आहे. झोताने नाक वर गेलं की पंख आणि शेपूट दोन्हींवर जादा उचल येते. ही जादा उचल एकत्रितपणे जिथे लागते तो न्यूट्रल पॉइंट. विमान हवेत वळतं ते मात्र गुरुत्वमध्याभोवती. गुरुत्वमध्य पुढे असेल, तर जादा उचल त्याच्या मागे लागून शेपूट वर ढकलते, नाक खाली येतं आणि विमान आपणहून सावरतं. दोन्ही बिंदू एकत्र आले की हे सावरणं संपतं. गुरुत्वमध्य मागे गेला, तर प्रत्येक झोत नाकाला आणखी वर रेटतो. अशा विमानाचा स्टॉल होऊन, म्हणजे नाक फार वर गेल्याने पंखांची उचल ढासळून, ते गिरकीत सापडलं, तर बाहेर काढणं फार अवघड जातं. गुरुत्वमध्य फारच पुढे असेल, तर उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर, म्हणजे शेपटावरची वर-खाली हलणारी फळी, पुरत नाही.

छोट्या विमानात सगळी मुभा जेमतेम वीतभर. वरच्याच विमानात ८ किलोची बॅटरी ३ मीटर मागे नेली, तर गुरुत्वमध्य ६.७ सेंटिमीटर सरकतो. शेपटावर चढवलेली पुट्टी आणि रंगही तसंच करतात. म्हणून जाहिरातपत्रकातल्या रिकाम्या वजनावर विसंबू नका, तो आकडा दुसऱ्याच विमानाचा असतो. रंग झाल्यावर आपलं विमान पुन्हा काट्यावर चढवा.

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या घरी बांधायच्या लाँग-ईझी विमानात इंजिन मागे असतं, वैमानिक पुढे. तो उतरला की गुरुत्वमध्य मागे जातो आणि विमान मागे कलंडू शकतं. म्हणून पुढचं चाक दुमडून ते नाकावर टेकवून ठेवतात.

इंधनाची टाकी वैमानिकाच्या पुढे असेल, तर उड्डाणभर गुरुत्वमध्य हळूहळू मागे जात राहतो. निघताना मर्यादेत असलेलं विमान उतरताना मर्यादेबाहेर असू शकतं. तेव्हा हिशेब भरलेल्या टाकीने एकदा करा, आणि रिकाम्या टाकीने पुन्हा एकदा.