मताधिकाराला साक्षरतेची अट : औंधचा निर्णय आणि त्यानंतर

जाणत्या मतदाराची चर्चा निघाली की सातारा-सांगली भागात औंध संस्थानाचा दाखला हमखास दिला जातो; मात्र त्यातला अडचणीचा भाग बहुधा गाळला जातो. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा एकमेकांपासून तुटलेल्या तालुक्यांत पसरलेल्या या 72 गावांच्या संस्थानात जानेवारी 1939 मध्ये अधिपतींनी सत्ता प्रजेकडे सोपवणारी घटना लागू केली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. मसुद्यामागे सेवाग्रामचा, म्हणजे गांधीजींचा, सल्ला होता आणि मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, ही अटही त्याच सल्ल्यातून आली.

या अटीचे समर्थन आजही केले जाते. ब्रिटिश मुलखात 1935 च्या कायद्याने मताधिकार मुख्यतः मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतला होता. त्या तुलनेत अक्षरओळख ही गरिबालाही कष्टाने मिळवता येणारी पात्रता होती आणि तिच्यामुळे प्रौढांना शिकण्याची निकड वाटेल, असे समर्थकांचे म्हणणे असते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु ज्यांना पिढ्यान्पिढ्या शाळेपासून दूर ठेवले गेले, त्या स्त्रिया आणि दलित यांच्यावरच अटीचा भार सर्वाधिक पडणार होता, आणि शाळा काढण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्या मताला मात्र तिची झळ लागणार नव्हती. शिवाय अक्षरे ओळखता येणे आणि ऐकलेली गोष्ट पारखून घेणे या वेगळ्या क्षमता आहेत. पाण्याची पाळी, बांधाचा तंटा किंवा सावकाराचा हिशेब यांत कोण खोटे बोलतो हे निरक्षर शेतकऱ्याला कळत होतेच. याच कुंडलच्या परिसरात 1943 नंतर प्रतिसरकारची (ब्रिटिश सत्तेला समांतर असे क्रांतिकारकांचे सरकार) न्यायदान मंडळे गावासमोर निवाडे करू लागली, तेव्हा साक्षीपुरावा ऐकणाऱ्यांना अक्षरओळख आहे का, हे कोणी विचारले नाही. (त्या निवाड्यांतील काही शिक्षा कठोर होत्या, हेही खरे.)

1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रत्येक प्रौढाला मताधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या 326 व्या अनुच्छेदाने अट निकालात काढली. 1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे 18 टक्के होती. म्हणून पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले गेले.

पुढे भर मतदाराची पात्रता तपासण्यापेक्षा त्याला माहिती पुरवण्यावर आला. 1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले, तर राज्याच्या 2002 च्या आणि केंद्राच्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यांमुळे खर्चाची कागदपत्रे मागण्याचा हक्क सामान्य माणसाच्या हाती आला.

जुनी अट मात्र दुसऱ्या दाराने परतली. हरियाणाने पंचायत उमेदवारांसाठी घातलेली शिक्षणाची अट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये वैध ठरवली. बरेवाईट पारखण्याची शक्ती शिक्षणातून येते, असा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्राने 2017 मध्ये थेट सरपंच निवडणूक आणताना 1995 नंतर जन्मलेल्या उमेदवारांसाठी सातवी उत्तीर्ण असण्याची अट घातली. मोबाइलवर येणारी बनावट चित्रफीत खरी मानून पुढे पाठवणारे बहुतेक जण सातवीच्या कितीतरी पुढे शिकलेले असतात, हा मुद्दा त्या वेळच्या चर्चेत फारसा आला नाही.