पेशीतलं झाकण आणि त्याखालचं प्रथिन

यीस्टच्या पेशीपुढे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन्ही साखरा ठेवल्या, तर ती आधी ग्लुकोजचा फडशा पाडते. तोवर गॅलॅक्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोज जवळजवळ आयतं वापरता येतं. गॅलॅक्टोजचं मात्र आधी रूपांतर करावं लागतं आणि त्यासाठी वेगळी एन्झाइम्स लागतात. गरज नसताना ती बनवत बसणं ही निव्वळ उधळपट्टी, म्हणून त्यांची जनुकं एरवी बंद असतात. ग्लुकोज संपून गॅलॅक्टोज हाताशी आलं की ती जागी होतात, आणि त्यांतल्या ‘गॅल१’ या जनुकाचं काम सुमारे हजार पटींनी वाढतं.

हा कारभार पाहतं गॅल४ नावाचं, ८८१ अमिनो आम्लांचं प्रथिन. डीएनएवर ठरावीक जागी बसून जवळच्या जनुकाचं काम वाढवणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या अशा प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

गॅल४ एकटं बसत नाही. त्याचे दोन रेणू जोडीने डीएनएवरच्या १७ अक्षरी पट्ट्याला धरतात (डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, सी आणि जी). पट्ट्याच्या एका टोकाला सीजीजी, दुसऱ्या टोकाला सीसीजी, आणि मधली अकरा अक्षरं बहुतेक कोणतीही चालतात. ही दोन टोकं वेगळी दिसतात खरी, पण डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून उलटं वाचलं की सीसीजीचंही सीजीजीच होतं. म्हणजे जोडीतला प्रत्येक रेणू एकच शब्द ओळखतो. गॅल१ आणि गॅल१० या शेजारी जनुकांच्या मधल्या जागेत असे चार पट्टे आहेत.

गॅलॅक्टोज आलं की गॅल४ धावत येऊन डीएनएवर बसत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. ग्लुकोज नसलं, की गॅलॅक्टोज यायच्या आधीपासूनच ते आपल्या जागी बसलेलं असतं. फक्त त्याच्या कामाच्या टोकावर गॅल८० हे प्रथिन झाकणासारखं चिकटलेलं असतं. गॅलॅक्टोज पेशीत शिरलं की गॅल३ हे आणखी एक प्रथिन त्याला पकडतं, मग गॅल८०ला जाऊन भिडतं, आणि झाकणाची पकड सुटते. मोकळं झालेलं टोक ‘सागा’ आणि ‘मिडिएटर’ हे मोठे प्रथिनसंच ओढून आणतं, त्यांच्यामागोमाग आरएनए पॉलिमरेज हे जनुक वाचणारं एन्झाइम येतं आणि जनुकाची आरएनए प्रत निघू लागते. जनुक वाचण्याचं काम गॅल४ कधीच करत नाही. ते फक्त वाचणाऱ्यांना बोलावतं.

यातलं गॅल३ मला फार मजेशीर वाटतं. गॅल१ जनुकापासून बनणाऱ्या एन्झाइमचं ते सख्खं भावंड आहे. गॅलॅक्टोज ओळखणं त्याला अजून जमतं, पण त्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता त्याच्यात उरलेली नाही. एन्झाइमची नोकरी गेली आणि पहारेकऱ्याची मिळाली!

ग्लुकोज असताना मात्र मिग१ हे दुसरं प्रथिन या जनुकांना दाबून धरतं. खुद्द गॅल४चं उत्पादनही त्याच्यामुळे घटतं.

डीएनए पकडणं आणि वाचणाऱ्यांना बोलावणं ही दोन कामं सुटी करता येतात का? १९८५ मध्ये रॉजर ब्रेंट आणि मार्क टाश्ने यांनी गॅल४चा डीएनए पकडणारा भाग काढून टाकला आणि त्या जागी लेक्सए हे जिवाणूचं प्रथिन जोडलं. हे जोडप्रथिन यीस्टमध्ये लेक्सएच्या पट्ट्यावर जाऊन बसलं आणि तिथलं जनुक सुरू झालं. पत्ता बदलला, काम तेच राहिलं.

पुढे १९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी गॅल४ फळमाशीत वापरलं. एका वाणाच्या माश्यांमध्ये ते केवळ ठरावीक पेशींत, समजा डोळ्यांत, बनतं. दुसऱ्या वाणात हवं ते जनुक गॅल४च्या पट्ट्यांपुढे जोडून ठेवलेलं असतं, पण बोलावणारं कुणी नसल्याने ते गप्प असतं. या दोन वाणांचा संकर केला की पिल्लांमध्ये ते जनुक चालू होतं, आणि तेही फक्त डोळ्यांत.