मे महिन्यातली हिरवळ

मार्च संपता संपता अंगणातले लॉन निस्तेज दिसू लागते आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटे नळीने शिडकावा सुरू होतो. लॉनचे सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने होते. एवढे पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीतच मुरते. ओल जिथे असते तिथेच मुळे वाढतात. ओल वर राहिली की मुळेही वरच राहतात. नेमका हाच थर मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि दुपारपर्यंत कोरडाठाक होतो.

खरे तर लॉनमधली हरळी, म्हणजेच दूर्वा, उन्हाला घाबरणारे गवत नाही. शेतात कितीही खणली तरी ती पुन्हा उगवते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तिच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत पकडून मग आतल्या पेशींत दाटीने साठवला जातो. त्यामुळे पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, अर्धवट मिटलेली असतानाही अन्न तयार होत राहते आणि बाहेर जाणारी वाफ कमी होते. तेवढेच वजन वाढवायला गहू किंवा भाताला जितके पाणी लागते, त्याच्या जवळपास निम्म्यात हरळीचे भागते. २७ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात ती सर्वांत जोमाने वाढते.

आता हिशेब. कडक उन्हात अशा गवतातून आणि मातीतून मिळून दिवसाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी उडून जाते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. एका वेळी २५ मिलिमीटर पाणी दिले तर मध्यम मातीत ते सुमारे १५ सेंटिमीटर खोल उतरते आणि चार-पाच दिवस पुरते. ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरच्या लॉनला एका खेपेला साडेअकराशे लिटर लागतील. नळीतून किती पाणी येते ते बादली लावून मोजा. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर तेवढे पाणी द्यायला सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. स्प्रिंकलर असेल तर चार-पाच ठिकाणी सरळ कडांचे डबे ठेवून साचलेले पाणी पट्टीने मोजावे. एका डब्यात १० आणि दुसऱ्यात ३० मिलिमीटर, असा फरक हमखास सापडतो. काही लॉन ठिपक्याठिपक्यांनी वाळतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. तिथे पंधरा मिनिटे पाणी, अर्धा तास थांबणे, पुन्हा पंधरा मिनिटे, असे करावे. नाहीतर ते थेट रस्त्यावर वाहते. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत दाबून पाहा. तो जिथे अडतो, तिथपर्यंतच ओल पोहोचली आहे. पाण्याची वेळ पहाटेची. तेव्हा वारा कमी असतो, वाफ कमी होते आणि ऊन चढले की पाने सुकतात. संध्याकाळी दिले तर पाने रात्रभर ओली राहून बुरशीला वाव मिळतो. पुढची खेप कधी द्यायची हे गवतच सांगते: पाती दुमडून निळसर-करडी दिसू लागतात आणि त्यावरून चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात.

कापणीत हात आखडता घ्या. एरवी अडीच-तीन सेंटिमीटरवर कापत असाल, तर एप्रिलपासून चार-पाचवर ठेवा आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. उंच पात्यांची सावली मातीवर पडते आणि मुळांना अन्न मिळत राहते. मोअरचे पाते बोथट असेल तर शेंडे फाटतात आणि दोन दिवसांत पांढुरके पडतात. हिरवा रंग यावा म्हणून उन्हाळ्यात युरिया टाकणे घातक: पाने वाढतात, तहान वाढते, मुळे मागे राहतात. पहिला चांगला पाऊस झाल्यावर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया पुरतो. तो कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी द्यावे. पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता समजावी. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा, मात्र फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

वॉशिंग मशीनचे पाणी वापरण्याचा मोह टाळावा. डिटर्जंटमधला सोडियम चिकणमातीचे कण विस्कटतो, छिद्रे बुजतात आणि पुढचे चांगले पाणीही मुरत नाही. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी मात्र निर्धास्त द्या.

पाणीटंचाईच्या वर्षी एवढे पाणी मिळणार नसेल, तर हरळीच्या लॉनला खुशाल झोपू द्या. पाने तपकिरी होतील, पण जमिनीतली खोडे आणि डोळे जिवंत राहतात. दर दोन-तीन आठवड्यांनी १० ते १२ मिलिमीटर पाणी द्यावे आणि त्यावरून चालणे बंद ठेवावे. मध्येच भरपूर पाणी देऊन जागे करायचे आणि पुन्हा पाणी तोडायचे, असे मात्र करू नका. प्रत्येक वेळी फुटव्यासाठी साठवलेले अन्न खर्च होते. शंका आली तर एक खोड उपसून नखाने खरवडा. आत पांढरे-हिरवट आणि टणक लागले तर ते जिवंत आहे. ठिसूळ, तपकिरी असेल तर तेवढाच तुकडा जूनमध्ये नव्या काड्या लावून भरा.