बोलणारा पेशंट आणि सलाईनची बाटली

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. हादरा सोलापुरातही जाणवला आणि पुढे जखमींच्या गाड्या सोलापूरकडेही आल्या. त्या भागातली घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं जाड सपाट छप्पर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद अंगावर आलं आणि माणसं तासन् तास खाली अडकली.

असा पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हा सिस्टर फसू शकते, कारण तो चांगला बोलत असतो. पाणी मागतो, घरच्यांची चौकशी करतो. पाय तेवढा सुजलेला, बधिर. पण दाबून राहिलेल्या स्नायूंच्या पेशी आत फुटलेल्या असतात. वजन आहे तोवर त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन बरंचसं पायातच कोंडलेलं राहतं. पाय मोकळा झाला की ते रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतं. लघवी काळ्या चहासारखी होते. 1941 साली, लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात घरांखाली सापडलेल्या रुग्णांवरून एरिक बायवॉटर्स यांनी हे टिपून ठेवलं.

उपाय साधा वाटतो: सलाईन, तेही शक्यतो वजन हटवण्याआधीच. पण कुठलं? एरवी रक्तस्राव, जुलाब म्हटलं की हात न विचारताच आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या बाटलीकडे जातो. आरएलमध्ये थोडं का होईना, पोटॅशियम असतं. इथं एनएस, म्हणजे नॉर्मल सलाईन, नुसतं मिठाचं पाणी हवं. वर्षानुवर्षं बरोबर ठरलेली हाताची सवय त्या एका दिवशी आड येते, आणि मला वाटतं, आपत्तीतली नर्सिंगची खरी अडचण हीच.

आधी कुणाला बघायचं हे ठरवणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या जखमींना लावण्याचंही तसंच. रोज जो सर्वांत अत्यवस्थ, त्याच्याकडे सगळे धावतात. आपत्तीत मात्र सिस्टरने प्रत्येकापाशी जेमतेम अर्धा-एक मिनिट थांबायचं. श्वास मिनिटाला 30 च्या वर, नख दाबून सोडल्यावर लाली परतायला 2 सेकंदांहून जास्त वेळ, किंवा सांगितलेलं कळत नाही: लाल चिठ्ठी, म्हणजे उपचार आधी. श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास नाही: काळी, म्हणजे आशा नाही, आणि पुढच्याकडे. शेजारी बायको त्याचा हात धरून बसलेली असताना उठायचं, पुढे जायचं. हे पुस्तकातून येत नाही. त्यात हलक्या जखमांचे लोक रिक्षा-जीपने आधी पोहोचून खाटा अडवतात. ढिगाऱ्यातले मागून येतात.

आपत्तीची रंगीत तालीम बहुधा सकाळी अकराला होते, साहेब हजर, फोटो चोख. ती एकदा पहाटे चारला घ्यावी, वॉर्डात दोनच सिस्टर असताना. एनएसच्या पेट्या ज्या स्टोअरमध्ये आहेत, त्याच्या कुलपाची किल्ली त्या वेळी कुणाच्या घरी असते, तेही कळेल.