वितळलेले कण पुन्हा जुळतात तेव्हा

शिशाची दोन अणुकेंद्रके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळली, की त्यांतील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या सीमा पुसल्या जातात आणि सूर्याच्या गाभ्याहून लाखपट तप्त असा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा तयार होतो, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे घटक असलेले क्वार्क आणि त्यांना जोडणारे ग्लुऑन ज्यात मोकळे असतात असे द्रव्य. प्रकाशाला एक अणुकेंद्रक ओलांडायला जेवढा वेळ लागेल, साधारण तेवढेच त्याचे आयुष्य. एवढ्या अवधीत त्याचे अंतरंग बाहेरून तपासता येत नाही. त्यासाठी टकरीतच जन्मलेला साक्षीदार हवा, आणि तो चार्म आणि बॉटम या जड जातींच्या क्वार्कच्या रूपाने मिळतो.

एकट्या चार्म क्वार्कचे वस्तुमान अख्ख्या प्रोटॉनपेक्षा अधिक आहे. प्लाझ्माच्या उष्णतेतून तो सहसा निर्माण होऊ शकत नाही. पहिल्याच क्षणी, ग्लुऑनांच्या अतितीव्र टकरींतून चार्म आणि त्याचा प्रतिकण प्रतिचार्म यांची जोडी जन्मते, आणि पुढचा सारा प्रवास ती त्या प्लाझ्मातूनच करते.

अशी जोडी एकमेकांना बांधून राहिली, तर १९७४ मध्ये अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे सापडलेला जे-साय कण बनतो. तेत्सुओ मात्सुई आणि हेल्मुट झाट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये असे भाकीत केले, की प्लाझ्मातील मोकळे रंगभार (क्वार्क आणि ग्लुऑन यांचे, विद्युतभारासारखे भार) या जोडीमधील आकर्षण झाकून टाकतील आणि जे-सायची संख्या घटेल. याचा सरळ अर्थ असा, की तापमान जितके जास्त तितकी घट मोठी.

प्रत्यक्षात मात्र उलटे घडले. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या आरएचआयसी या कणत्वरकात सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या अगदी समोरासमोरच्या टकरींत, प्रोटॉन-प्रोटॉन टकरींवरून काढलेल्या अपेक्षेच्या जेमतेम पाव ते पंचमांश जे-साय उरत होते. युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या त्वरकात २०१० पासून शिशाच्या टकरी सुरू झाल्या. तेथील ऊर्जा दहा पटींहून जास्त, तरीही तिथल्या ॲलिस प्रयोगाला निम्म्याच्या आसपास जे-साय आढळले. माझ्या मते या क्षेत्रातील हा सर्वांत सुंदर निष्कर्ष आहे, कारण सिद्धान्त खोटा न ठरता अपुरा ठरला. एलएचसीच्या एका समोरासमोरच्या टकरीत चार्मच्या शंभराच्या घरात जोड्या निर्माण होतात; एवढ्या गर्दीत मूळ जोडीदार दुरावला, तरी चार्मला दुसऱ्या जोडीतील प्रतिचार्म गाठता येतो. ही वाढ प्रामुख्याने मंद गतीच्या जे-सायमध्ये दिसते, आणि पुनर्मीलनाची खूण नेमकी हीच, कारण प्लाझ्मात रेंगाळणारे क्वार्कच एकमेकांना भेटतात.

हे मोजणे सोपे नाही. जे-साय लगेच विघटित होतो आणि शंभरातील सुमारे सहाच वेळा त्यातून म्यूऑनांची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांची, जोडी निघते. म्हणून ॲलिसमध्ये कार्बन, काँक्रीट आणि पोलाद यांचा चार मीटर जाडीचा अडसर उभारला आहे. बाकीचे बहुतेक कण त्यात अडकतात, म्यूऑन आरपार जातात. त्यांचा माग घेणाऱ्या कक्षांसाठी सुरुवातीला वापरलेली ‘मानस’ ही इलेक्ट्रॉनिक चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने विकसित केली, आणि मुंबईची आयआयटीही या प्रयोगात सहभागी आहे.

बॉटम क्वार्कची गोष्ट वेगळी आहे. तो चार्मच्या तिपटीहून जड असल्याने त्याच्या जोड्या फार थोड्या निर्माण होतात, त्यामुळे पुनर्मीलनाचा वाटाही अल्प राहतो. मात्सुई आणि झाट्झ यांची मूळ कल्पना इथे अधिक स्वच्छ दिसते: एलएचसीवरील सीएमएस प्रयोगाच्या मोजमापांत अप्सिलॉन या बॉटम-प्रतिबॉटम जोडीच्या कणाच्या तीन अवस्थांपैकी सर्वांत सैल बांधलेली तिसरी सर्वाधिक घटते, दुसरी तिच्याहून कमी, आणि घट्ट बांधलेली पहिली सर्वांत कमी.