कोठीच्या भिंतीवरचा भार आणि अडून बसलेली भुकटी

टाकीत पाणी जसजसं चढतं तसतसा तळावरचा दाब वाढतो. कोरडी वाळू, गहू किंवा सिमेंट भरलेल्या उंच कोठीत मात्र तो एका उंचीनंतर वाढायचा जवळपास थांबतो, कारण दाणे भिंतीला घासतात आणि वरचं बरंचसं वजन भिंतीवर जातं. हे मोजून सूत्रात बसवायला एकोणिसावं शतक सरत आलं. बारीक भुकटीला ते सूत्र पुरत नाही, हे नीट कळायला आणखी साठ-सत्तर वर्षं गेली.

बर्लिनमध्ये 1852 साली गॉटहिल्फ हागेन यांनी कोरड्या वाळूचा दाब आणि तिचं वाहणं यांवर निबंध मांडला. नळीतल्या द्रवाच्या नियमाला प्वाझयबरोबर ज्यांचं नाव लागतं, तेच हे हागेन. भोकातून पडणाऱ्या वाळूचा वेग वरच्या थराच्या उंचीवर ठरत नाही, प्रवाह भोकाच्या व्यासाच्या अडीचव्या घाताच्या प्रमाणात असतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे व्यास दुप्पट केला की वाळू साडेपाच पटींहून जास्त पडते. काठाशी दाणे अडतात, म्हणून हिशोबात व्यास थोडा कमी धरायचा, हेही त्यांनीच सांगितलं. पुढे 1961 मध्ये नेदरलँड्सच्या बेव्हर्लो यांनी सहकाऱ्यांसह बियांवर प्रयोग करून त्याच घडणीचं सूत्र दिलं. आज ते बेव्हर्लोंच्या नावानं चालतं. हागेनना बहुतेक जण विसरले.

दाबाचा प्रश्न मात्र धान्याच्या व्यापारानं पुढे रेटला. बंदरांवर धान्याच्या उंच कोठ्या, म्हणजे सायलो, उभे राहू लागले होते आणि भिंत किती जाड ठेवायची याला ठोस आधार नव्हता. इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांना 1880 च्या दशकात आढळलं, की धान्याची उंची कोठीच्या रुंदीच्या साधारण दुप्पट झाली की तळावरचा भार वाढेनासा होतो. ब्रेमेनच्या एच. ए. जॅन्सेन यांनी 1895 मध्ये यामागचं गणित प्रसिद्ध केलं. त्यांचं उपकरण अगदी साधं होतं. चार स्क्रूंवर पेललेली चौकोनी लाकडी कोठी आणि तिच्यापासून सुटा, काट्यावर ठेवलेला तळ. काटा दाखवेल तो तळाचा भार. बाकीचा भिंतींनी उचललेला. गणितात त्यांनी एकच मोठं गृहीतक धरलं : आडवा दाब हा उभ्या दाबाच्या ठरावीक पटीत असतो.

आकडे घालून पाहू. 6 मीटर व्यासाच्या गोल सायलोत 24 मीटर गहू आहे, घनमीटरला 0.8 टन. भिंतीच्या घर्षणाचा गुणांक 0.4 आणि आडव्या-उभ्या दाबाचं गुणोत्तरही 0.4 धरू. तेवढ्याच वजनाचा द्रव असता तर तळावर चौरस मीटरला 19 टन आले असते. जॅन्सेनचं सूत्र सुमारे 7 टन सांगतं. एकूण जवळपास 540 टन गव्हातले 345 टन भिंतीवर! आडव्या दाबानं भिंत फुटेल याचीच काळजी करणाऱ्यानं ती उभ्या भारानं चेपली जाईल हेही पाहिलं पाहिजे. पत्र्याच्या सायलोंना हा धोका खरा आहे.

सायलोच्या अपघातांत कॅनडातल्या ट्रान्सकोनाचा 1913 चा कोठार नेहमी सांगितला जातो. तो कलंडला हे खरं, पण खालची चिकणमाती खचल्यामुळे. दाब चुकीचा धरल्याचा दाखला म्हणून तो देणं बरोबर नाही.

जॅन्सेनच्या सूत्राची खरी उणीव माल काढताना दिसते. खालचं तोंड उघडून माल सरकू लागला की भिंतीवरचा आडवा दाब भरतेवेळच्या आकड्याच्या वर जातो, आणि उभी भिंत जिथं खालच्या उतरत्या नरसाळ्याला, म्हणजे हॉपरला, मिळते तिथं तर तो उसळतो. फ्रान्सच्या रँबेर बंधूंनी विसाव्या शतकाच्या मध्याला यावर बरंच काम केलं.

तरीही हे सगळं दाण्यांचं झालं. दाणा बारीक होत जातो तसं त्याचं वजन व्यासाच्या घनानं घटतं, पण कणाकणांमधली ओढ त्या मानानं फारच हळू कमी होते. दाणा दहा-वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घरात आला की ओढ वजनाला भारी पडते. मग भुकटी हॉपरच्या तोंडावर कमान धरते, नाहीतर मधोमध एक उभं भोक पाडून कडेचा माल तसाच ठेवते. कारखान्यात ‘हॉपर चोक झाला’ म्हणतात तो हाच प्रकार; पत्र्यावर घणाचे पोचे दिसले की रोजचं दुखणं कोणतं ते कळतं. ठोकल्यानं पुष्कळदा माल आणखी घट्ट बसतो, पण हे शिफ्टवरच्या माणसाला पटवणं कठीण.

यावर शास्त्र उभं केलं पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या अँड्र्यू जेनिके यांनी. युटा विद्यापीठातून 1961 आणि 1964 मध्ये त्यांच्या दोन पुस्तिका निघाल्या. भुकटी दाबून मग आडवी कातरायची, म्हणजे वरचा थर खालच्यावरून सरकवायचा, आणि दबल्यावर ती किती ताकद धरते ते मोजायचं, ही त्यांची रीत. त्या ताकदीवरून तोंड किती मोठं हवं ते निघतं. भिंतीचा उतार आणि गुळगुळीतपणा ठरवतो, की सगळा माल एकसाथ उतरेल की मधला तेवढाच.

भुकटीचं दुसरं रूप याच्या उलट. कोसळताना तिच्यात हवा कोंडली की ती पाण्यासारखी वाहते आणि माल मोजून सोडणाऱ्या खालच्या फीडरला न जुमानता लोंढ्यानं बाहेर येते. अशा वेळी भिंतीचं घर्षण जवळपास नाहीसं होतं, आणि जॅन्सेननं दिलेली सवलतही त्याबरोबर जाते. दाब द्रवासारखा धरावा लागतो. भुकटी हवेत कशी फुलते यावरून डेरेक गेल्डार्ट यांनी 1973 मध्ये तिचे चार गट केले. पीठासारखी चिकट भुकटी ‘सी’ गटात येते.

आपल्याकडे काँक्रीटच्या कोठ्यांसाठी आयएस 4995 हे भारतीय मानक आहे. त्याच्या नावातच दाणेदार आणि भुकटीसारखा असे दोन्ही माल आहेत, पाया मात्र जॅन्सेनचाच. चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळशाच्या बारीक राखेशी, म्हणजे फ्लाय अ‍ॅशशी रोज गाठ पडते. राख गार आणि दमट झाली की बसते, म्हणून हॉपरला हीटर लावतात आणि खालून कोरडी हवा सोडतात. हवा कमी पडली तर चोक, जास्त झाली तर बल्कर (राख नेणारा टँकर) भरताना लोंढा.