आयोडीनची गोळी आणि गोठ्यातलं दूध

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रातली दुर्घटना मार्च 2011 मधली. त्यानंतर आयोडीन किरणोत्सारापासून वाचवतं या समजुतीनं चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांत झुंबड उडाली होती. वाळवा तालुक्यातल्या माझ्या आत्यानं ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि मला विचारलं, "व्हय रं, आपून बी मिठाचं एखादं पोतं आणून ठिवायचं का?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर साध्या गणितात आहे. आपल्या घरात येणाऱ्या मिठात किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा दंडक आहे. रोजच्या गरजेला ते पुरतं, कारण मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅमच लागतं. पण अणुअपघातात मोठ्या माणसाला देतात ती पोटॅशियम आयोडाइडची गोळी 130 मिलिग्रॅमची असते आणि तिच्यात 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. तेवढं मिठातून मिळवायचं तर साडेसहा किलोंहून जास्त मीठ खावं लागेल. त्यात जीवच जाईल. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पिणंही तितकंच घातक.

मग एवढं आयोडीन गोळीत कशासाठी? गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरकं बनवते, त्यामुळे रक्तातून जाणारं आयोडीन ती ओढून घेते. साधं कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. अणुभट्टी फुटली की हवेत आयोडीन-131 हे किरणोत्सारी आयोडीन पसरतं. ते श्वासातून, अन्नातून शरीरात गेलं की थेट या इवल्याशा ग्रंथीत साठतं आणि तिथल्या पेशींवर आतून मारा करतं.

सांगलीच्या एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, गोळी नेमकं तेच करते. साध्या आयोडीननं सगळ्या जागा आधीच धरल्या, की किरणोत्सारी आयोडीनला बसायला जागा उरत नाही. शिवाय रक्तात एवढं आयोडीन आलं की ग्रंथी काही काळ स्वतःहूनच काम थांबवते. उरलेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

मात्र रुमाल गर्दी आत शिरण्याआधी पडला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गोळी किरणोत्सारी आयोडीनशी संपर्क येण्याआधीच्या 24 तासांत किंवा नंतर 2 तासांच्या आत घ्यावी. 8 तासांपर्यंतही थोडाफार उपयोग होतो. 24 तास उलटल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटाच होण्याची शक्यता, कारण आत शिरलेलं आयोडीन ग्रंथीतच अडकून राहतं. म्हणून प्रशासनानं सांगितल्याशिवाय ती घ्यायची नाही. आणि ती फक्त थायरॉइडला राखते. सीझियम-137 सारख्या इतर किरणोत्सारी द्रव्यांवर तिचा काही इलाज चालत नाही.

पहिला हक्क लहान मुलांचा, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांचा. चाळिशीनंतर धोका कमी, त्यामुळे गोळीचा लाभही कमी.

आमच्या भागासाठी याहून मोलाची गोष्ट दुधाची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सांगली-साताऱ्यात अणुवीजकेंद्र नाही. कर्नाटकात कैगाला चालू आहे, सह्याद्रीपलीकडे जैतापूरला नियोजित आहे. पण इथं गावोगाव दूध संकलन केंद्रं आहेत. आयोडीन-131 गवतावर बसतं. गाय दिवसभर चरून मोठ्या रानावरचं आयोडीन पोटात गोळा करते, आणि एक-दोन दिवसांत ते दुधात उतरतं. शेळीच्या दुधात तर लिटरमागे आणखी जास्त. दूध उकळून ते जात नाही.

26 एप्रिल 1986 ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. आसपासच्या मुलांना दूध पिऊ नका असं वेळेत कुणी सांगितलं नाही. 2005 पर्यंत त्या वेळच्या मुला-किशोरांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे 6000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतल्या मोठ्या वाट्याला ते दूध कारणीभूत होतं. एवढ्या लेकरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. वेळेवरच्या एका सूचनेनं यातलं बरंच टळलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं. शेजारच्या पोलंडनं तीनच दिवसांत आयोडीनचं द्रावण वाटायला घेतलं. 1 कोटीहून अधिक मुलांना ते मिळालं, आणि लहानग्यांसाठी ताज्या दुधाऐवजी दूध पावडर दिली गेली.

पावडर का चालते? आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं. 80 दिवसांत ते हजाराव्या हिश्शाच्याही खाली येतं. धोका फक्त आयोडीनचा असेल, तर तेच दूध पावडर करून तीन महिने ठेवलं की त्यातलं आयोडीन जवळपास संपलेलं असतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर आत्याच्या डोक्यातून मिठाचं पोतं गेलं. तिनं विचारलं, "मग म्हशीला काय घालायचं?" गोठ्यात बांधून ठेव, हिरवी वैरण बंद कर, आणि ताडपत्रीखालचा आधीचा कडबा घाल, असं मी सांगितलं. पाणीही उघड्या ओढ्याचं नको, झाकलेल्या टाकीतलं. ती उठून परसात गेली आणि कडब्याची गंज कुठं कुठं उघडी पडली आहे ते बघू लागली.